म्हापशातला स्पोकन इंग्लिश क्लास : साडेचार हजार रुपये आणि एक पिक अप

क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. पुढं जे लिहिलंय त्यात अर्धं कौतुक आहे आणि अर्धी तक्रार, आणि म्हापसा ते केवढं, शुक्रवारच्या बाजारात चवळी घेताना सर समोर आले तर मी काय तोंड दाखवू. तेव्हा एवढंच सांगते की बाजारापासून चालत पाच मिनिटं, दुसरा मजला, जिना अंधारा, खाली कपड्याचं दुकान, फी साडेचार हजार, दोन महिने, सोमवार-बुधवार-शुक्रवार दुपारी तीन ते साडेचार.

आता मी कशाला गेले ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. आमचं घर मोरजीला, मागच्या अंगाला तीन खोल्या काढल्यात, सीझनला भाड्यानं देतो, नवरा टॅक्सी चालवतो. माझं माहेर बांद्याचं, शिक्षण सगळं मराठीतून, पण दहा वर्षं पाहुण्यांशी बोलून बोलून माझं इंग्रजी चांगलं आहे असा माझा समज होता, ब्रेकफास्ट किती वाजता, गरम पाणी कधी, स्कूटर कुठं मिळेल, सगळं धडाधड बोलते. तर जानेवारीत दोन नंबरच्या खोलीत इंग्लंडचे एक आजी-आजोबा होते, एका सकाळी आजोबा व्हरांड्यात येऊन बसले, तोंड उतरलेलं, आणि मला म्हणाले, आय थिंक आय हॅव पिक्ड अप अ बग. झालं. बग म्हणजे किडा, पिक अप म्हणजे उचलणे, माझ्या डोक्यात एकदम ढेकूण. आमच्या खोलीत ढेकूण! नेटवर कुणी असलं लिहिलं तर सीझन गेलाच की. मी त्या आजोबांना खुर्चीसकट बाहेर काढलं, गाद्या उन्हात टाकल्या, चादरी उकळत्या पाण्यात, सगळ्या कोपऱ्यांत फवारा मारला, आणि तो बिचारा म्हातारा पोट धरून माडाखाली बसलाय, मला काहीतरी सांगायचा प्रयत्न करतोय आणि मी आपली सॉरी सर, व्हेरी सॉरी सर, नो मोर बग. शेवटी आजी आल्या, त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं तेव्हा कळलं की त्यांना पोटाचं काहीतरी लागलंय. बग म्हणजे जंतुसंसर्ग, पिक अप म्हणजे तो कुठूनतरी लागणं. मग पेज करून दिली, सोबत लिंबाचं लोणचं, दोन दिवसांत ठणठणीत.

नवऱ्याचा किस्सा याहून वाईट आहे. तेच आजोबा जाताना आम्हा दोघांना जेवायला घेऊन गेले, जेवण झाल्यावर म्हणाले आय विल पिक अप द टॅब. आता आमच्याकडे एक टॅब आहे, परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडं ऑनलाइन भरावी लागते त्यासाठी घेतलेला, आणि त्या दिवशी तो नेमका टेबलावर होता. नवऱ्यानं तो हळूच उचलून मांडीखाली ठेवला. वर मला मराठीतून म्हणतो, पोट बरं केलंस त्याचं आणि आता टॅब मागतोय. बिचारे बिल भरतो म्हणत होते.

तर जूनमध्ये पाऊस लागला, शॅक म्हणजे किनाऱ्यावरची झोपडीवजा हॉटेलं, ते उतरवले, पाहुणे संपले, आणि मी ठरवलं की आता हे एकदा शिकायचंच. मोरजीहून चोपड्याचा पूल ओलांडून शिवोली, तिथून म्हापसा, पावसात बस कधी येईल त्याचा भरवसा नाही, जायला यायला मिळून दोन तास, म्हणजे दीड तासाच्या क्लाससाठी अख्खी दुपार. हे आधी मोजा आणि मग फी भरा.

पहिला महिना. सर स्वतः शिकवत होते, मालकही तेच. माणूस गोड आहे, कपडे कडक इस्त्रीचे, डेमोच्या दिवशी त्यांनी असं काही इंग्रजी फाडलं की आम्ही सगळ्यांनी तिथंच पैसे भरले. पण शिकवणं म्हणजे काय, तर चाळीस पानांच्या झेरॉक्स नोट्स, त्यात तीनशे फ्रेझल व्हर्ब, समोर मराठी अर्थ, रोज वीस पाठ करून या. फ्रेझल व्हर्ब म्हणजे साधं क्रियापद आणि त्याच्या शेपटाला अप, ऑफ, आउट, इन असला एखादा शब्द, दोन्ही मिळून अर्थ तिसराच. गिव्ह म्हणजे देणे पण गिव्ह अप म्हणजे नाद सोडणे, असं. आता नोट्समध्ये पिक अप समोर काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं देते: उचलणे, शिकणे, सुधारणे, घेणे, पकडणे, मिळणे, अटक करणे, वेग घेणे. बस. स्वल्पविराम देऊन आठ शब्द. आता यातून माणसानं काय समजायचं? मी शिकणे वाचून वाक्य केलं, माय डॉटर पिक्स अप इन सेव्हन्थ स्टँडर्ड. सर म्हणाले व्हेरी गुड. व्हेरी गुड! नंतर दुसऱ्या महिन्यात ज्या बाई आल्या त्यांनी हे ऐकलं तेव्हा डोळे मिटून घेतले.

हा महिना मी फुकट गेला असंच धरते. घरी पण पाठांतर चालायचं, भात शिजतोय आणि मी पुट अप, पुट अप विथ, पुट अवे, पुट ऑफ, मुलगी म्हणाली आई तू आरती म्हणतेयस का.

दुसऱ्या महिन्यात सरांना दुसरीकडं कुठंतरी नवी बॅच मिळाली आणि त्यांनी आमच्यावर एक बाई सोपवल्या. रिटायर झालेल्या हायस्कूलच्या बाई, फोंड्याकडच्या, साडी, छत्री, पर्समध्ये खडू. पहिल्याच दिवशी त्यांनी नोट्स उलटसुलट पाहिल्या, सरळ टेबलाच्या खणात टाकल्या आणि म्हणाल्या की तुम्हाला यातलं कुठलं एक रोज कानावर पडतं? आमच्यात एक पेडण्याचा टॅक्सीवाला होता, तो म्हणाला पिक अप. मोपा विमानतळ चालू झाल्यापासून, म्हणजे जानेवारी २०२३ पासून, त्याचं आयुष्यच पिक अप आणि ड्रॉप आहे. बाई म्हणाल्या चला, मग हेच. आणि पुढचे सहा क्लास, दोन आठवडे, आम्ही फक्त पिक अप केलं. सहा क्लास एकच क्रियापद! पहिल्या दिवशी दोघंतिघं कुरकुरले, पैसे कशाचे भरलेत वगैरे. नंतर कुणी हूं की चूं केलं नाही.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा. तुमच्या परसात अबोली आहे आणि पारिजातक आहे, सकाळी देवाला फुलं आणायची, तर तुम्ही काय करता? आम्ही म्हटलं फुलं काढतो. बाई म्हणाल्या नीट सांगा. मग एक म्हातारबा, ते का येत होते कुणास ठाऊक, नातवाशी बोलायचं होतं बहुतेक, ते म्हणाले अबोली खुडतात आणि पारिजातक वेचतात. बाईंनी टाळी वाजवली. झाडावरचं खुडलं की इंग्रजीत नुसतं पिक, जमिनीवर पडलेलं वेचलं की पिक अप. काजूचं तेच. आपल्याकडं फेणीसाठी बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडली की वेचतात, म्हणून तिथं पिक अप. आंबा मात्र झाडावरून काढायचा, तो पिक, आणि वाऱ्यानं पडलेला उचलला की तोच आंबा पिक अप. मी आजवर पिक आणि पिक अप एकच समजत होते, अप म्हणजे असंच बोलायची लकब असावी असं वाटायचं. ह्या एका गोष्टीनं माझं डोकं उघडलं, खरंच सांगते, बसमध्ये घरी जाताना मी रस्त्यावर दिसेल त्याला पिक की पिक अप लावत होते.

मग बाईंनी फळ्यावर मराठी शब्दच लिहिले, इंग्रजी नाहीतच. उचलणे. वेचणे. टिपणे. घेऊन येणे. लागणे. जोर धरणे. आणि म्हणाल्या की पिक अपला अर्थ आठ नाहीत, तुमच्याकडं शब्द बरेच आहेत, इंग्रजीवाल्याकडं एक आहे म्हणून तो सगळीकडं तेच पोतं वापरतो. हे मला फार आवडलं. आपल्याला कायम वाटतं की इंग्रजी श्रीमंत आणि आपण गरीब.

उचलणे सगळ्यात सोपं. फोन उचलला, चोर पोलिसांनी उचलला, जमिनीवरचा कागद उचलला, तिन्हीकडं इंग्रजीत पिक अप चालतं, आणि गंमत म्हणजे फोनचं नाव घेतलं नाही तरी चालतं, ही डिडन्ट पिक अप म्हटलं की फोनच उचलला नाही हे कळतं, आपण पण म्हणतोच की, केला होता, उचलला नाही. कोंकणीत उखलप तेच. पण बाई लगेच म्हणाल्या की इथं फसू नका. मी परवा सासूला पिक अप केलं याचं मराठी सासूला उचललं असं कराल तर शेजारी धावत येतील. माणसाला गाडीतून आणायचं असेल तर मराठीत घ्यायला गेले, घेऊन आले. आता पोरं सर्रास बोलतात, मला सातला उचल, तू मला कुठून उचलतोस. माझा भाचा असाच बोलतो. मला ते ऐकलं की अँब्युलन्सच आठवते. आणि उलट बाजूनं पण फसायला होतं, आपण पाऊल उचलतो पण इंग्रजीत पाऊल पिक अप होत नाही, ते टेक अ स्टेप. आपल्या मजुरानं मालकाकडून उचल घेतली तर तो ॲडव्हान्स, तिथं पिक अपचा संबंध नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला याचं इंग्रजी काय असं त्या टॅक्सीवाल्यानं विचारलं तर बाई म्हणाल्या ते तू रोज करतोस, तुला इंग्रजी कशाला हवं.

ह्या टॅक्सीवाल्याचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यानं गाडीच्या काचेवर लावायला स्वतः मजकूर लिहून आणला होता, बाईंना दाखवायला, वी पिक अप लेडीज ॲट नाइट, सेफ अँड चीप. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. बाईंनी कागद वाचला, घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. मग शांतपणे सांगितलं की अनोळखी बाईला किंवा पुरुषाला बारमध्ये, बीचवर गाठून पटवणं यालाही इंग्रजीत पिक अप म्हणतात, आणि त्यात रात्र आणि स्वस्त हे दोन शब्द टाकल्यावर विचारायलाच नको. क्लास पाच मिनिटं थांबला. तो बिचारा लालबुंद. बाईंनी त्याला वाक्य बदलून दिलं, कुठून कुठं ते घालायचं, पिक अप फ्रॉम मोपा, ड्रॉप टू युवर हॉटेल, म्हणजे ठिकाण आलं की तो दुसरा अर्थ गळून जातो. आणि चीप काढून टाक म्हणाल्या. ड्रॉपला ते लोक ड्रॉप ऑफ म्हणतात हे पण तेव्हाच कळलं, आपल्याकडं जे पिक अँड ड्रॉप लिहितात ते इथल्याच लोकांनी बनवलेलं आहे, त्यांना समजतं पण ते तसं बोलत नाहीत.

टिपणे हा शब्द मला सुचलाच नसता. आमच्यात शिवोलीचा एक मुलगा होता, हॉटेलात बँडमध्ये गिटार वाजवतो, तो म्हणाला माझ्या गिटारला पण पिकअप असतो. मग त्यानं आम्हाला समजावलं की इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबक असतात, त्यांच्याभोवती केसासारखी तांब्याची तार गुंडाळलेली, वरची स्टीलची तार थरथरली की त्या गुंडाळलेल्या तारेत वीज उठते आणि ती वायरीतून ॲम्प्लिफायरला जाते, म्हणून नायलॉनच्या तारा लावल्या तर हा पिकअप मुकाच राहतो, त्याला पोलादच लागतं. बाईंनी विचारलं, म्हणजे तो काय करतो? मुलगा म्हणाला आवाज पकडतो. बाई म्हणाल्या पकडत नाही रे, टिपतो. चिमणी दाणे टिपते तसं. रेडिओ स्टेशन टिपतो, कुत्रा वास टिपतो, आणि समोरचा काही न बोलता नाराज आहे हे तुम्ही टिपलंत तर तिथं शेपटीला अजून एक ऑन लावायचा, पिक अप ऑन. मोरजीच्या किनाऱ्यावर कंबरपट्टे नि शाली विकणाऱ्या लमाणी बायका बघा, एक दिवस शाळेत गेल्या नाहीत पण रशियनांशी रशियनमध्ये घासाघीस करतात. भाषा कानानं टिपून टिपून आली, क्लास नाही, पुस्तक नाही, तेच पिक अप. म्हणजे नोट्समधलं ते शिकणे हे असं शिकणे होतं, आपसूक, ऐकून ऐकून. माझी मुलगी सातवीत पिक अप करत नाही, ती सातवीत शिकते. तेव्हा कळलं बाईंनी डोळे का मिटले होते.

लागणे म्हणजे माझे ते आजोबा. सर्दी लागली, सवय लागली. मी तो सगळा किस्सा सांगितला, माडाखाली बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत, आणि बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला.

जोर धरणे आम्हा धंदेवाल्यांच्या कामाचं. वाऱ्यानं जोर धरला, द विंड पिक्ड अप. दिवाळीनंतर धंदा हळूहळू वर येतो, बिझनेस इज पिकिंग अप. बाजाराच्या बातम्यांत आपल्याकडं पण भावानं उचल घेतली, मागणीनं उचल खाल्ली असं छापून येतंच, म्हणजे तिथं उचल हाच शब्द दोन्हीकडं जवळजवळ सारखा पडतो. मला एकदा एका पाहुण्यानं विचारलं होतं, इज बिझनेस पिकिंग अप, आणि मी म्हटलं होतं नो पिकअप, ओन्ली टॅक्सी. तो का हसला ते आत्ता कळलं. आणि आपल्या स्कूटरला पिकअप नाही म्हणतो तोही इथलाच, चढावाला वेग घेत नाही ती.

बिल भरण्याचा पिक अप बाईंनी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण त्यात उचलणे आहेच, खर्च उचलणे. लग्नाचा खर्च मुलीच्या मामानं उचलला. इतकं सोपं! आमच्या ह्यांनी टॅब मांडीखाली घातला नसता तर.

व्याकरण बाईंनी फक्त एक दिवस घेतलं पण मला विचाराल तर फीमधले निम्मे पैसे त्या दिवसाचे. इट, हिम, हर, देम असला शब्द असेल तर तो पिक आणि अप यांच्या मध्येच बसला पाहिजे. पिक इट अप, पिक हिम अप. पिक अप इट नाही म्हणजे नाही. आणि आम्ही सगळे, चौदाच्या चौदा जण, पिक अप इट म्हणत होतो! मी दहा वर्षं म्हणत होते. पूर्ण नाव असेल तर मात्र मोकळीक, पिक अप द बॅग म्हणा नाहीतर पिक द बॅग अप म्हणा, आणि ती वस्तू सांगायला चार-पाच शब्द लागत असतील, गेटजवळ ठेवलेल्या त्या दोन निळ्या बॅगा वगैरे, तर आधी पिक अप म्हणून टाकायचं आणि मग काय ते सावकाश सांगायचं, नाहीतर अप वाक्याच्या शेवटी येईपर्यंत पाहुणा रूममध्ये पोचलेला असतो. पिक अप ऑनवाला मात्र कधी फुटत नाही, तो एकसंध.

उच्चाराचं पण एक आहे. वस्तूचं नाव असेल तेव्हा जोर पिकवर, आणि काम असेल तेव्हा जोर अपवर. भाजीचा पिकअप आला यात पिक ठसठशीत. आय विल पिक यू अप यात अप ठसठशीत. लिहिताना नाव एकत्र, काम सुटं. आपण सगळीकडं पिकवरच जोर देतो, त्यामुळं त्यांना वाटतं आपण टेम्पोबद्दल बोलतोय. आमच्या बांद्याकडं एसटीच्या थांब्याला पिकअप शेड म्हणतात, मी बाईंना विचारलं हे बरोबर का, तर म्हणाल्या शब्द आपला झाला, बिनधास्त वापर, फक्त इंग्लंडच्या माणसाला पिकअप शेडपाशी थांबा असं सांगू नकोस, तो टेम्पोची गॅरेज शोधत फिरेल.

मध्येच बाई अशा गोष्टी सांगायच्या की क्लास क्लास वाटायचा नाही. म्हणाल्या, सॅम्युअल जॉन्सन नावाच्या माणसानं १७५५ साली लंडनमध्ये इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यानं लिहून ठेवलंय की क्रियापदाला हे असे छोटे शब्द जोडून अर्थ बदलायची आमची खोड परक्या माणसाला सगळ्यात जड जाते. त्यात त्यानं उदाहरणं पण दिलीत, कम ऑफ, फॉल ऑन अशी. म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वी त्यालाही ठाऊक होतं आणि आमच्या सरांच्या चाळीस पानांत ते कुठंच नाही. आणखी एक, इटालियन पाहुणे जे तिरामिसू मागतात त्या गोड पदार्थाच्या नावाचा अर्थच मला वर उचल असा आहे, आणि इंग्रजीत मरगळ घालवणाऱ्या पेयाला पिक-मी-अप म्हणतात. आमच्याकडं पिक-मी-अप म्हणजे दुपारचा चहा आणि मिरची भजी, पावसात तर हमखास, खालच्या दुकानाशेजारी एक गाडा होता, क्लास सुटला की बाईंसकट सगळे तिथं.

शेवटच्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला स्वतःच्या कामाचा एक बोर्ड लिहायला लावला. मी कासवांचा लिहिला. मोरजीला टेमवाड्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वनखात्याची माणसं घरट्याला कुंपण घालतात, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि समुद्राकडं निघतात, आणि पाहुणे काय करतात, तर मदत म्हणून उचलून पाण्यात सोडायला बघतात नाहीतर तळहातावर घेऊन फोटो. मी लिहिलं, प्लीज डू नॉट पिक अप द बेबी टर्टल्स. इव्हन इफ दे आर स्लो, डू नॉट पिक देम अप. बाईंनी दोन्ही वाक्यांखाली रेघ मारली, पहिल्यात पिल्लं नंतर, दुसऱ्यात देम मध्ये. खोलीच्या दारामागं लावलाय तो बोर्ड, ह्या सीझनला कामाला येईल.

पोर्तुगीज पासपोर्टवाला एक मुलगा होता, त्याला लंडनला जायचंय, तो सांगत होता की त्याच्या चुलतभावाला तिथं पहिल्या आठवड्यात मॅनेजरनं सांगितलं पिक अप आफ्टर युवरसेल्फ आणि तो स्वतःच्या मागं वळून बघत राहिला. स्वतः केलेला पसारा स्वतः आवरायचा, एवढंच होतं ते. हे मी आता आमच्या हॉलमध्ये लिहून लावणारे, पाहुण्यांसाठी नाही, मुलगी आणि तिचा बाप, दोघांसाठी.

आता तक्रारी. खोलीत पंखे दोन, चालतो एक, आणि जो चालतो तो सरांच्या टेबलावर. लाइट गेली की इन्व्हर्टर नाही, पावसात लाइट किती जाते ते सांगायला नको. टॉयलेटची किल्ली खालच्या दुकानात मागावी लागते, बायकांना हे किती अवघड ते मालकाला कळत नाही. डेमो एकजण देतो आणि शिकवतं दुसरंच कोणी, यात आमचं नशीब म्हणून बरं निघालं, उलटंही झालं असतं. सर्टिफिकेट देतात, त्यावर माझं आडनाव चुकीचं आहे, बदलून देतो म्हणाले, अजून देतायत. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सरांचा गुड मॉर्निंग, गुलाबासकट, शिकण्याचं काही नाही. आणि बाईंना त्या तासाचे किती मिळतात ते मी एकदा गाड्यावर भजी खाताना विचारलं, त्यांनी आकडा सांगितला, मी इथं लिहीत नाही, मला लाज वाटली.

मोबाइलवरचं ॲप बरं की क्लास बरा असं नणंद विचारत होती. तिनं एक ॲप सहा महिने केलं, रोज टिंग टिंग वाजतं, तिचे पाचशे शब्द झालेत, पण परवा तिनं पण पिक अप इट म्हटलं, मी ऐकलं. ॲप चूक दाखवतं, पारिजातक दाखवत नाही.

तर जायचं का? बाई शिकवणार असतील तर डोळे मिटून जा, फी भरायच्या आधी सरळ विचारा की कुठल्या महिन्यात कोण, आणि लिहून घ्या. सर शिकवणार असतील तर नोट्सची झेरॉक्स माझ्याकडं आहे, चाळीस रुपये होतील. बाईंना पाचात पाच, क्लासला दोन, तेही भज्यांच्या गाड्याशेजारी आहे म्हणून.

एक राहिलं. चोवीस क्लास ठरले होते, झाले बावीस. शेवटचे दोन चवथीमुळं राहिले, सरांनी ग्रुपवर मेसेज टाकला, आफ्टर चतुर्थी वी विल पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ, जिथं सोडलं तिथून पुढं चालू करू, आणि आम्ही सगळ्यांनी त्यावर अंगठे दिले, व्याकरण बरोबर होतं म्हणून. गणपती गेले, दिवाळी झाली, मोरजीला शॅक परत उभे राहिले, दोन नंबरच्या खोलीत रशियन जोडपं येऊन गेलं. काल मी सरांना दोनदा फोन केला. उचलला नाही.